तळ्याकाठच्या लग्नाची फुलं: पहिल्यांदाच करताय तर इथून सुरुवात करा

मैत्रिणीचं, भावाचं किंवा स्वतःचंच लग्न तळ्याच्या काठावर उघड्यावर ठरलंय आणि फुलांचं काम तुम्ही अंगावर घेतलंय, तर सगळ्यात आधी एक सांगते, मोबाईलवर कमानींचे फोटो बघत बसू नका. ते नंतर. हॉलमधली फुलं आणि पाण्याकाठची फुलं ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. हॉलमध्ये कोऱ्या भिंती असतात, तिथे फुलांनी जागा भरून काढायची असते. तळ्याकाठी जागा आधीच भरलेली असते, पाणी आहे, आकाश आहे, पलीकडची झाडं आहेत आणि त्या झाडांची पाण्यात पडलेली सावलीसुद्धा आहे. तिथे फुलांनी फक्त दोनच गोष्टी करायच्या, दोघं जिथे उभे राहणार ती जागा उठून दिसली पाहिजे आणि बघणाऱ्याची नजर तिथून पुढे पाण्यावर गेली पाहिजे. एवढं डोक्यात ठेवलंत की काय काय करायचं नाही हे आपोआप कळायला लागतं, आणि या कामात काय करायचं नाही हेच जास्त महत्त्वाचं आहे असं माझं ठाम मत आहे.

पायरी १: जागा बघून या, पण लग्नाच्याच वेळेला

लग्न संध्याकाळी साडेपाचला आणि तुम्ही जागा बघितली सकाळी अकराला, तर तुम्ही दुसरीच जागा बघून आलात असं समजा. मी पहिल्या वेळी हेच केलं. सकाळी जाऊन कमानीची जागा ठरवून आले, आणि प्रत्यक्ष दिवशी सूर्य बरोब्बर कमानीच्या मागे, पाण्यावरची चमक थेट पाहुण्यांच्या डोळ्यात, आणि फोटोत नवरा-नवरी, फुलं, सगळ्याच्या नुसत्या काळ्या आकृत्या. कमान थोडी तिरकी वळवली असती, पाणी पाठीमागे सरळ न घेता एका बाजूला घेतलं असतं, तर काहीच प्रश्न आला नसता. अजून हळहळ वाटते त्याची.

तर त्याच वेळेला जा, शक्यतो लग्नाच्या तारखेच्या दोन-तीन आठवडे आत, आणि तिथे निदान तासभर थांबा. ऊन कुठून येतंय, सावली कुठे सरकतेय, पाण्यावरची तिरीप कुणाच्या तोंडावर येतेय ते बघा. मग जमीन बघा. काठाजवळची माती वरून कोरडी दिसते पण टाचेने दाबली की ओली निघते, अशा जागी कमानीचे पाय रुततात आणि तेही सगळे सारखे रुतत नाहीत म्हणून कमान कलते. प्रत्येक पायाखाली प्लायवूडचा तुकडा ठेवला की हे टळतं. तळं धरणाचं असेल तर लग्नाच्या सुमाराला पाणी कुठपर्यंत असतं हे तिथल्या माणसाला विचारा, कारण पाणी खाली गेलं की मध्ये सगळा चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि मग कमानीमागे तोच दिसतो. पिण्याच्या पाण्याचा नळ कुठे आहे, गाडी कुठपर्यंत जाते, फुलांच्या बादल्या ठेवायला पक्की सावली आहे का, जमिनीत खुंट्या ठोकायला परवानगी आहे का, पाकळ्या उधळलेल्या चालतात का, हे सगळं लिहून आणा. तोंडी लक्षात राहत नाही.

आता वारा. हा जरा सविस्तर सांगते कारण तळ्याकाठी फुलांचं जे काही बिघडतं ते बहुतेक वाऱ्याने बिघडतं. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, जमिनीवरची गरम हवा वर जाते आणि तिच्या जागी पाण्यावरची थंड हवा येते, म्हणून तळं मोठं असेल तर दुपारी पाण्याकडून काठाकडे वारा सुटतो आणि ऊन उतरलं की तो मंदावतो. म्हणजे सकाळी शांत वाटणारी जागा दुपारी तीनला तशीच असेल असं अजिबात नाही. दुसरं म्हणजे वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नाही तर चौपट होतो. ताशी १५ किलोमीटरच्या वाऱ्यात नीट उभी राहिलेली कमान ताशी ३० ला सहज आडवी होऊ शकते. वेग मोजायचं यंत्र लागत नाही, नजरेनेही अंदाज येतो. बोफर्ट नावाची वाऱ्याची श्रेणी आहे, तिच्यात जमिनीवरची धूळ आणि कागद उडायला लागले, बारक्या फांद्या हलायला लागल्या की चौथी पायरी धरतात, म्हणजे ताशी साधारण २० ते २८ किलोमीटर. तुमच्या भेटीत असा वारा दिसला तर टेबलाच्या मधोमध ठेवायची उंच सजावट म्हणजे सेंटरपीस, लांब पडदे, उंच काचेच्या बरण्या हे सगळं तिथल्या तिथे यादीतून काढून टाका. आणि तिसरं, वारा फुलांना सुकवतो. पाकळीतलं पाणी उडून जायचा वेग वाऱ्याने वाढतो, देठ तेवढ्या वेगाने पाणी वर ओढू शकत नाही आणि फूल मान टाकतं. ऊन आणि वारा दोन्ही असेल तर मग विचारूच नका.

पायरी २: फुलं कुठे हवीत ते ठरवा, आणि थोडक्यात ठरवा

नवीन माणसाची नेहमीची चूक म्हणजे सगळीकडे थोडं थोडं. खुर्च्यांना थोडी फुलं, वाटेवर थोडी, झाडाला थोडी, टेबलांवर थोडी, आणि शेवटी कुठेच काही दिसत नाही, कारण मोकळ्या आकाशाखाली थोडं म्हणजे काहीच नाही. एक मुख्य जागा निवडा जिथे फुलं भरघोस असतील, म्हणजे बहुतेक करून दोघं उभे राहतात ती कमान किंवा मंडप, आणि बाकी सगळीकडे हात आखडता घ्या.

कमान करताना दोन्ही बाजू सारख्या भरू नका. एका बाजूला खालून वर चढत गेलेला मोठा झुपका आणि दुसऱ्या बाजूला खाली छोटासा, मधली जागा पूर्ण मोकळी, म्हणजे त्यातून पाणी दिसतं. पूर्ण भरलेली कमान तळ्यासमोर उभी केली की ती दरवाजासारखी दिसते, बंद दरवाजासारखी. मला तर कधी कधी कमानच नको वाटते. जमिनीवरच अर्धवर्तुळात फुलं लावली, जणू गवतातूनच उगवलीत, तर वाऱ्याचा प्रश्न जवळपास संपतो आणि मागे सगळं पाणी मोकळं राहतं. वारा जास्त असलेल्या जागी मी हेच सुचवते.

टेबलांवर ३० सेंटिमीटरच्या वर जाऊ नका, समोरचा माणूसही दिसला पाहिजे आणि तळंही. भांडं रुंद आणि बसकं घ्या, तळाशी गोटे टाका. एक गोष्ट फार कमी लोक सांगतात, गोल पारदर्शक काचेच्या भांड्यात पाणी भरून ते उन्हात ठेवलं की ते भिंगासारखं काम करतं, ऊन एका ठिपक्यावर गोळा होतं आणि टेबलक्लॉथ करपू शकतो. उन्हातल्या टेबलांवर मातीची, सिरॅमिकची किंवा पत्र्याची भांडी वापरा.

वाटेच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या फुलांऐवजी कुंड्या ठेवल्यात तर बघा. मुळावरचं झाड आहे, पाणी घातलेलं असलं की उन्हात तासन्‌तास टिकतं, वाऱ्याने सहसा पडत नाही आणि नंतर कुणाच्या तरी घरी जाऊन जगतं.

पायरी ३: फुलांची निवड

आधी चिवट फुलं. शेवंती, कार्नेशन, झेंडू, कोंबडा, स्टॅटिस, गोंफ्रेना, ज्याच्या पाकळ्या हाताला कागदासारख्या लागतात ते स्ट्रॉफ्लॉवर, डेंड्रोबियम आणि सिंबिडियम ऑर्किड, अँथुरियम. ही फुलं ऊन-वारा बऱ्यापैकी सोसतात आणि यातली काही तर काही तास पाण्याशिवायही टिकतात. गुलाबाची गोष्ट जातीवर अवलंबून आहे, जाड आणि गच्च पाकळीचा गुलाब चांगला टिकतो, पातळ पाकळीचा पूर्ण उमललेला गुलाब वाऱ्यात विस्कटतो. लिसिअँथस दिसायला नाजूक पण पाण्यात असला की मनापासून साथ देतो.

जपायची फुलं म्हणजे हायड्रेंजिया, डेलिया, स्वीट पी, पॉपी, गार्डेनिया. गार्डेनियाला बोट लागलं तरी डाग पडतो, तर हायड्रेंजियाला पाणी कितीही पुरत नाही. कुणी हायड्रेंजियाच हवा म्हणून हट्ट धरला तर तो फक्त पाणी असलेल्या भांड्यात आणि फक्त सावलीत ठेवा, देठ कापल्या कापल्या टोक तुरटीच्या पुडीत बुडवून मग पाण्यात ठेवा, आणि तरीही माना टाकल्याच तर अख्खं फूल थंड पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा. ते पाकळ्यांमधूनही पाणी घेतं त्यामुळे बरेचदा परत उभं राहतं. पण कमानीवर नको म्हणजे नकोच.

काही फुलांचे स्वभाव आधी माहीत असलेले बरे. ट्युलिप कापल्यानंतरही वाढत राहतो आणि उजेडाकडे वळतो, म्हणजे रात्री बांधलेला बुके सकाळी वेगळ्याच आकाराचा दिसतो. ग्लॅडिओलस आडवा ठेवला की त्याचं टोक वर वळतं आणि मग ते सरळ होत नाही, म्हणून त्याला बादलीत उभाच ठेवायचा. जरबेऱ्याचा देठ पोकळ आणि मऊ, त्याला बादलीत चार बोटं पाणी पुरे, खोल पाण्यात देठ कुजतो. लिलीचे परागकोश फूल उमलताच, ते फुटायच्या आत चिमटीने काढून टाका, नाहीतर तो भगवा डाग लग्नाच्या कपड्यांवर बसतो. डाग पडलाच तर पाणी लावायचं नाही, हाताने चोळायचं नाही, चिकटपट्टीने हलकेच परागकण उचलायचे.

आणि ही गंभीर गोष्ट आहे म्हणून वेगळी सांगते. कण्हेर आणि लिली ऑफ द व्हॅली ही दोन्ही विषारी आहेत, खाण्याच्या टेबलाजवळ किंवा केकवर कधीच नाही. केकवर फूल ठेवायचंच असेल तर ते खाण्यायोग्य जातीचं आणि फवारणी न केलेलं लागतं, बाजारातून सजावटीसाठी आणलेलं फूल केकवर टोचू नका.

पाण्याजवळ मधमाश्या आणि किडे असतातच. झेंडू, सूर्यफूल, झिनिया असली मोकळी परागवाली फुलं बसायच्या जागेपासून आणि नवरीच्या बुकेपासून जरा लांब ठेवली की झालं.

यादी झाली की घरी एक परीक्षा घ्या, आणि ही पायरी कृपा करून गाळू नका. प्रत्येक प्रकारचं एक एक फूल आणा, रात्रभर पाण्यात ठेवा, दुसऱ्या दिवशी लग्नाच्याच वेळेला ते पाण्याबाहेर काढून गॅलरीत उन्हात ठेवा आणि समोर टेबलफॅन लावा. तीन तासांनी बघा. जे उभं आहे ते कमानीवर जाईल, जे मलूल झालं ते फक्त पाण्याच्या भांड्यात जाईल, जे पार गेलं ते यादीतून जाईल. कुणाच्याही सल्ल्यापेक्षा, माझ्यासुद्धा, या तीन तासांवर जास्त विश्वास ठेवा, कारण तुमच्या बाजारातलं फूल किती ताजं आहे हे तुम्हालाच कळणार.

पायरी ४: रंग

पाण्याजवळचा उजेड फसवा असतो. दुपारी पाण्यावरून चकाकी येते आणि फिकट गुलाबी, फिकट पिवळा हे रंग धुऊन गेल्यासारखे पांढरट दिसतात, तेव्हा भर उन्हातल्या लग्नाला जरा गडद छटा घ्या, कोरल, गडद गुलाबी, केशरी. संध्याकाळी बरोबर उलटं. दिवस मावळला की लाल रंग आपल्या डोळ्यांना सगळ्यात आधी काळपट दिसायला लागतो आणि निळे-हिरवे रंग त्यामानाने उजळ राहतात, यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे टिपून ठेवलं आणि अजूनही त्याला पुर्किन्ये परिणामच म्हणतात. म्हणून मरून गुलाब, गडद वांगी डेलिया संधिप्रकाशात हिरव्या पाल्यात बुडून जातात, हातात घेऊन बघितले तर सुंदर आणि दहा पावलांवरून फक्त अंधार. संध्याकाळच्या लग्नाला पांढरा, क्रीम, फिकट पीच ठेवा आणि गडद रंग चवीपुरता. पांढरं फूल काठाशी खाली लावलं आणि पाणी शांत असलं तर त्याचं प्रतिबिंबही दिसतं, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी काम सोडून नुसती उभी राहिले होते.

पाल्याचा हिरवा रंगही निवडायचाच असतो. समोरच्या काठावर गर्द हिरवी झाडी असेल तर तसाच गर्द पाला त्यात मिसळून जातो, तिथे निलगिरीसारखा राखाडी-हिरवा पाला उठून दिसतो.

पायरी ५: हिरवी वीट घरीच ठेवा

फ्लोरल फोम म्हणजे ती हिरवी, पाणी शोषणारी वीट, जिच्यात देठ टोचले की बसतात. ती १९५४ पासून वापरात आहे आणि काम सोपं करते हे खरं आहे. पण ती प्लास्टिकच आहे, फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं, हाताने चुरली की तिचे बारीक बारीक कण होतात आणि ते कुजत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या आरएमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलं तेव्हा पाण्यातले छोटे जीव हे कण खातात आणि फोममधून पाण्यात उतरणारी रसायनं त्यांना घातक ठरतात असं दिसलं. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांमध्ये फोमवर बंदीच घातली. आपण तर थेट तळ्याच्या काठावर काम करणार आहोत, भिजवलेल्या विटेचं पाणी ओतलं की ते पाच पावलांवर तळ्यात. त्यामुळे या बाबतीत मी तडजोड करत नाही आणि तुम्हीही करू नका.

मग काय वापरायचं? चिकन मेश, म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी. साधारण अर्धा मीटरचा तुकडा कापा, सैलसर गुंडाळा म्हणजे आत दोन-तीन थर होतात, आणि ही जाळीची उशी झिप टायने किंवा बाइंडिंग वायरने कमानीला घट्ट बांधा. देठ दोन थरांतून गेला की हलत नाही. ज्या फुलाला पाणी लागतंच त्याच्या देठाला पाण्याची छोटी नळी लावा, रबरी टोपण असलेली मिळते, आणि ती जाळीत खोचा. पण या नळीत पाणी अगदीच थोडं मावतं, गरम हवेत दोन-तीन तासांत संपू शकतं, तेव्हा मध्ये एकदा भरावी लागते. जास्त तहानलेल्या फुलांसाठी कमानीच्या मागे बरण्या किंवा बाटल्या बांधून त्या पाल्याने झाकता येतात. टेबलावरच्या बसक्या भांड्यात पितळी खिळ्यांची चकती येते ती, केन्झान, बसवली की चार देठांतही छान मांडणी होते आणि ती वर्षानुवर्षं वापरता येते. जाळी कापताना हातमोजे घाला, टोकं फार लागतात.

पायरी ६: कमान पडता कामा नये

कमान सुंदर असणं नंतर, आधी ती पडता कामा नये, कारण तिच्याखाली माणसं उभी असतात. प्रत्येक पायाला निदान २० ते २५ किलो वजन द्या, वाळूच्या पिशव्या सगळ्यात सोप्या, आणि त्या नुसत्या टेकवून ठेवायच्या नाहीत तर पायाला बांधायच्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा वाळू मिळाली नाही तर पाण्याचे कॅनही चालतात. परवानगी असेल तर खुंट्या आणि ताण द्या. मोठी कमान किंवा मंडप असेल तर मात्र हा हिशेब स्वतः करू नका, उभं करणाऱ्या अनुभवी माणसाकडून करून घ्या. पडदा लावायचा तर लक्षात ठेवा की तो शिडासारखा वारा पकडतो, म्हणून अगदी झिरझिरीत कापड आणि खालचं टोक बांधलेलं किंवा सुटं वर गुंडाळून ठेवता येईल असं. सगळं झालं की कमानीला हाताने जोरात धक्का देऊन बघा, पाहुण्यांच्या आधी तुम्ही दिलेला बरा.

पायरी ७: किती फुलं आणायची

हे लोक अंदाजाने करतात आणि मग एकतर ढीग उरतो नाहीतर कमान अर्धी उघडी राहते. साधी पद्धत सांगते. जाळीचा एक फूट तुकडा घ्या आणि तुम्हाला हवी तशी दाट सजावट खऱ्या फुलांनी तेवढ्याच तुकड्यावर करा, मग किती लागली ते मोजा. समजा ९ मोठी फुलं, १४ छोटी आणि १२ काड्या पाला लागला, आणि कमानीवर एकूण ६ फूट लांबी भरायची आहे, तर ५४ मोठी, ८४ छोटी, ७२ काड्या पाला. त्यावर १५ टक्के जास्त धरा, वाटेत मोडतात, काही उमलत नाहीत, म्हणजे साधारण ६२, ९७ आणि ८३. नवरीच्या मध्यम बुकेला २५ ते ३० देठ पुरतात. आणि पाण्याचा हिशेब लोक विसरतात, २० भांडी आणि प्रत्येकात दीड लिटर म्हणजे ३० लिटर, म्हणजे ३० किलो वजन, ते गाडीपासून टेबलांपर्यंत कोण नेणार आहे हे आधी ठरलेलं असू द्या. तळ्याचं पाणी भांड्यात भरायचं नाही, त्यात शेवाळ आणि जिवाणू असतात, देठाची तोंडं बुजतात आणि फुलं लवकर जातात.

पायरी ८: आधीचे तीन दिवस

पाला आणि चिवट फुलं तीन दिवस आधी, गुलाब दोन-तीन दिवस आधी म्हणजे उमलायला वेळ मिळतो, लिली कळीत असेल तर चार-पाच दिवस आधी, नाजूक फुलं आदल्या दिवशी.

बादल्या साबणाने घासून घ्या, खरंच घासा, ज्या बादलीतलं पाणी तुम्ही स्वतः प्याल इतकी स्वच्छ हवी. फुलं घरी आली की फोटो काढायच्या आधी कामाला लागा. पाण्याखाली जाणारी सगळी पानं काढा, धारदार सिकेटरने, म्हणजे बागेच्या कात्रीने, देठ तिरका दोन-तीन सेंटिमीटर कापा आणि लगेच पाण्यात, कारण कापलेला देठ हवेत राहिला की आत हवेचा बुडबुडा अडकतो आणि पाणी वर चढत नाही. तिरकं कापायचं ते एवढ्यासाठी की देठ बादलीच्या तळाला सपाट चिकटून तोंड बंद होऊ नये. फुलांच्या खाद्याची पुडी मिळाली तर पाकिटावर लिहिल्याइतक्याच पाण्यात घाला, डबल घातली म्हणून डबल टिकत नाहीत. मग निदान चार-सहा तास, आणि जमलं तर रात्रभर, थंड आणि अंधाऱ्या खोलीत. पाणी रोज बदला.

खोलीत पिकलेली फळं ठेवू नका, विशेषतः सफरचंद आणि केळी. त्यातून इथिलीन वायू निघतो आणि कार्नेशन, जिप्सोफिला, ऑर्किड, लिली यांना तो सोसत नाही, कळ्या मिटतात, पाकळ्या गळतात. म्हणूनच घरच्या फ्रिजमध्येही बुके ठेवायचा मोह टाळा, तिथे फळं असतात शिवाय मागच्या भिंतीला लागलेली पाकळी गोठून काळी पडते. डेंड्रोबियम ऑर्किड आणि अँथुरियम ही गरम प्रदेशातली फुलं, त्यांना जास्त थंडावा चालत नाही.

फुलांवर सारखं पाणी शिंपडू नका. पाकळ्यांवर पाणी साचून राहिलं की करड्या बुरशीचे डाग पडतात.

पायरी ९: लग्नाचा दिवस

क्रम असा ठेवा. आधी कमानीचा सांगाडा, वजनं, जाळी. मग पाला. मग टेबलांची भांडी जागेवर नेऊन तिथेच पाणी भरायचं, भरलेली भांडी गाडीतून नेली की अर्धं पाणी गाडीत. कमानीवरची फुलं सगळ्यात शेवटी, समारंभाच्या दोन-अडीच तास आधी सुरू करा आणि हाताशी दोन माणसं असू द्या. सावलीच्या बाजूने सुरुवात करा म्हणजे उन्हातली फुलं सगळ्यात कमी वेळ उन्हात राहतात. आणि मध्ये मध्ये वीस पावलं मागे जाऊन पाहुण्यांच्या खुर्चीत बसून बघा, जवळून दिसणारी भोकं तिथून दिसतच नाहीत आणि तिथून दिसणारी जवळून कळत नाहीत.

बुके शेवटच्या मिनिटापर्यंत पाण्यात. हातात द्यायच्या आधी देठ टॉवेलने नीट टिपा नाहीतर कपड्यांवर पाणी ओघळतं. कोटावर लावायची छोटी फुलं त्याच दिवशी सकाळी करा, ओल्या टिश्यूवर डब्यात झाकून सावलीत, आणि दोन जास्तीची करा, मिठ्या मारताना चुरडतातच. एका पिशवीत सिकेटर, वायर, झिप टाय, पिना, चिकटपट्टी, टॉवेल आणि दहा-पंधरा सुटी फुलं घेऊन शेवटपर्यंत थांबा.

वारा अचानक वाढला तर घाबरायचं नाही, आधी पडदा काढायचा, मग उंच भांडी खाली जमिनीवर कमानीच्या पायाशी आणायची. खाली आणलेली फुलं बरेचदा जास्तच छान दिसतात.

पायरी १०: पाण्यात काहीही नाही

पाकळ्या पाण्यावर सोडल्या की फोटो सुंदर येतो, मला माहीत आहे. पण ती फुलं नंतर तिथेच कुजतात आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात, रंगवलेल्या फुलांचा रंग उतरतो, चमकी आणि वायर तळाशी जाते. कुठलंही जिवंत रोप तर पाण्यात सोडूच नका. जलपर्णीचं उदाहरण समोर आहे, मूळची दक्षिण अमेरिकेतली, तिच्या देखण्या जांभळ्या फुलासाठी हौसेने जगभर नेली गेली आणि आज कितीतरी देशांतली तळी तिने गच्च भरून टाकलीत. तरंगती फुलं हवीच असतील तर मोठं पसरट घंगाळ काठावर ठेवा, त्यात पाणी भरा आणि त्यात सोडा, तळं मागे दिसतंच. पाकळ्या उधळायच्या तर ताज्या, न रंगवलेल्या, आणि पाण्यापासून लांब, वारा पाण्याकडे नसताना.

समारंभ संपला की अंधार पडायच्या आत आवरायला घ्या. आधी फुलं सोडवा, जी चांगली आहेत ती बादलीत, पाहुण्यांना नेऊ द्या. मलूल झालेली आणि पाला कंपोस्टच्या पोत्यात, पण त्यात वायर, रिबन, पिना जाऊ देऊ नका. नळ्या मोजून घ्या, जेवढ्या आणल्या तेवढ्या परत. वाळूच्या पिशव्या अगदी शेवटी सोडा, कमान रिकामी असली तरी वाऱ्याने पडतेच. मग मोबाईलचा टॉर्च लावून गवतातून एक फेरी मारा, झिप टायची कापलेली टोकं आणि जाळीचे तुकडे हिरव्यात दिसत नाहीत पण उजेड तिरका मारला की चमकतात, आणि सकाळी तिथे कुणाचं तरी मूल अनवाणी खेळायला येणार असतं.